जांभळं दार

छापखाना बंद पडून अकरा वर्षं झाली होती, तरी बाबा रोज सकाळी साडेनऊला शर्ट खोचून दाराशी उभे राहायचे. कडी काढू दिली नाही की आईच्या अंगावर ओरडायचे. मुलीकडे तर असे बघायचे की ही कोण बाई घरात शिरली.

त्यावर मुलीकडे एकच औषध होतं. कॉलेजात असताना तिने गोळीबाराच्या एका गेमसाठी बाबांच्या छापखान्याचा नकाशा बनवला होता. तेव्हा कुठकुठली पोरं त्या मशिनांमागे लपून एकमेकांचा खात्मा करायची. आता जुन्या कॉम्प्युटरवर त्या रिकाम्या छापखान्यातून ती बाबांना फिरवून आणायची. पडद्यावर हातात बंदूक सतत दिसायचीच.

"हे काय धरलंयस?"

"तेलाची झारी, बाबा."

"बरं केलंस. मशीन कोरडं पडलंय. खटपटे, त्या जांभळ्या दारापाशी चल."

खटपटी हे तिचं लहानपणचं नाव, घड्याळं उघडून बसायची म्हणून. दिवसातून वीस मिनिटं, त्या नकाशात असेपर्यंतच, तिला ते परत मिळायचं.

मग जुना कॉम्प्युटर धापा टाकायला लागला. नव्यावर त्याच गेमची नवी आवृत्ती चालायची, पण त्या आवृत्तीचं इंजिन, म्हणजे गेम चालवणारी आतली यंत्रणा, जुने नकाशे उघडतच नव्हतं. हौसेने असे नकाशे नव्या इंजिनात आणणाऱ्या मंडळींनी तिला एक प्रोग्रॅम दिला आणि बजावलं, मूळ फाइलला हात लावू नकोस. तिने मान डोलावली आणि घाईत नवा नकाशा जुन्याच नावाने सेव्ह केला; नव्या कॉम्प्युटरवरचा मूळ पुसला गेला. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात, पण शहाणा असला तर.

प्रोग्रॅमने नकाशातल्या एक्केचाळीस चुकांची यादी काढली. जिना हवेत तरंगतोय, खिडकी भिंतीत घुसलीय, गोदामाच्या दाराचं चित्र सापडत नाही. ते चित्र हरवलं होतं म्हणूनच जुना गेम तिथे जांभळे-काळे चौकोन दाखवायचा. बावीस वर्षांपूर्वीच्या आपल्या अडाणीपणाची तिला लाजच वाटली. छापखान्याचे फोटो समोर ठेवून तिने एकूण एक चूक निस्तरली आणि गोदामाला खरं हिरवं दार बसवलं. छापखाना हुबेहूब झाला. त्याच आठवड्यात, मूळ नकाशाची उरलेली एकच प्रत पोटात घेऊन, जुन्या कॉम्प्युटरने कायमची मान टाकली. दुकानदाराने हार्ड डिस्क कानाशी धरली, खडखड ऐकली आणि म्हणाला, "ताई, यातून काही निघणार नाही."

सकाळी तिने बाबांना नव्या पडद्यासमोर बसवलं.

बाबा सगळीकडे फिरले. हिरव्या दारापाशी थांबले. "जांभळं दार कुठंय?"

"बाबा, ते कधी नव्हतंच हो. फोटोत बघा."

"तीस वर्षं त्या दारातून कागद आणलाय मी," ते म्हणाले आणि उठून घराच्या दाराची कडी धरून उभे राहिले.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. खरा छापखाना बाबांच्या डोक्यातून कधीच पुसला गेला होता. उरला होता तो तिच्या चुकांचा छापखाना.

पुढचे नऊ दिवस तिने यादी उलटी वाचली. जिना हवेत टांगला, खिडकी भिंतीत कोंबली, चुकीची मापं आठवून आठवून घातली. दारावर एकेक चौकोन हाताने रंगवला. पण नवं इंजिन प्रत्येक वस्तूची सावली पाडायचं, आणि तो जुना सपाट उजेड काही केल्या येईना. तिने हात टेकले. "जाऊ दे गं," आई म्हणाली. पण जाऊ देऊन जाणार कुठे?

दहाव्या दिवशी बाबा त्या दारासमोर बराच वेळ थांबले.

"कुणीतरी रंग फासलाय," ते म्हणाले. मग परक्या माणसाशी बोलावं तसे अदबीने तिच्याकडे वळले. "तुम्ही बराच त्रास घेतलात, बाई. आता राहू द्या. माझी खटपटी येईलच एवढ्यात. तिला ते दार बरोबर सापडतं."