तोंडचा ट्रॉम्बोन

१९४३ साल. वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, त्याला वर्ष उलटलं होतं. शिकागोत रेकॉर्डिंगच्या खोलीत एकही व्हायोलिन वाजत नव्हतं. गायकांना मात्र मोकळं रान. गायक म्हणजे काही संगीतकार नव्हेत, असं युनियनचं मत होतं, आणि लेस्टर कोवाल्चिकचं तर होतंच होतं.

लेस्टर ट्रॉम्बोन, म्हणजे नळी मागेपुढे सरकवत फुंकायचं पितळी वाद्य, वाजवायचा. डेल फॉन्टेनच्या प्रत्येक गाण्यात मधला तुकडा त्याचा. डेल मायक्रोफोनला ओठ टेकवून असा काही गुणगुणायचा की बायका विरघळायच्या. मायक्रोफोन काढून घेतला, तर दूध पिणाऱ्या मांजराचा आवाज त्याच्याहून मोठा. "तो दम खातो तेव्हा गाणं मी तोलून धरतो," असं लेस्टर म्हणायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आता तो हॉटेलात, नाचणाऱ्या सैनिकांच्या बुटांच्या आवाजावर चढ, दणकून वाजवायचा. पण रेकॉर्डवरची जागा ती रेकॉर्डवरची जागा. तिच्यासाठी त्याचा जीव तुटायचा.

एका रविवारी दुपारी स्वयंपाकघरातून आवाज आला, "व्वा, वाऽ, वाऽऽ..." लेस्टर धावत गेला. त्याची बायको बर्निस बटाटे सोलत होती.

"काय गं, पोटात दुखतंय?"

"डेलचं नवं गाणं आहे. बाजे नाहीत, म्हणून आमच्या चर्चच्या गाणाऱ्या बायकांना तोंडानं वाद्यांचे आवाज काढायला बोलावलंय. मिसेस डूगन व्हायोलिन, ग्लॅडिस सॅक्सोफोन."

"आणि तू?"

बर्निसने बटाट्याचा डोळा काळजीपूर्वक काढला. "ट्रॉम्बोन."

"संपफोडी! माझ्याच घरात!"

"ओरडू नकोस. तुमच्या युनियनच्या सेक्रेटरीला विचारून आलेय. त्यानं नियमांचं पुस्तक उघडून सांगितलं, बाईचं तोंड हे वाद्य नव्हे."

"लग्न झालेलं नाही त्याचं, म्हणून!" असं म्हणत लेस्टर दार आपटून पायरीवर जाऊन बसला.

आत वाऽवाऽ चालूच. लांबवायचा सूर ती नेमका मध्येच तोडत होती. भातात खडा लागावा तसं त्याला होई. तीनदा त्याने सोसलं. चौथ्यांदा तो आत आला.

"अगं, तिथं श्वास घेतेस? हे प्रेमाचं गाणं आहे, जिना चढणं नव्हे!"

मग शेजारच्या शुल्ट्झला, म्हणजे युनियनच्या ढोलवाल्याला, ऐकू जाऊ नये म्हणून त्याने खिडकी लावली. आठवडाभर शिकवणी चालली. सुरावर उडी मारायची नाही, घसरत यायचं. तुकड्याच्या शेवटी बारीकसा हुंदका द्यायचा. बारा वर्षांची सगळी विद्या त्याने तिच्या पदरात टाकली. लग्नानंतर इतकं मनापासून तो तिच्याशी प्रथमच बोलत होता.

रेकॉर्ड तुफान खपली. न्हाव्याच्या दुकानात तो तुकडा लागला की लेस्टरची छाती फुगायची. आपणच आपल्या पायावर कुऱ्हाड मारली, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या वर्षी युनियन जिंकली. भाषणं झाली, बिअर वाहिली. लेस्टर ट्रॉम्बोन लखलखीत घासून रेकॉर्डिंगला गेला. तेच गाणं आता खऱ्या वाद्यांवर पुन्हा करायचं होतं. त्याने डोळे मिटून आपला तुकडा वाजवला. डेल जवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छान रे. पण लोकांना रेकॉर्डवरचा ट्रॉम्बोन हवाय. त्या बाईसारखं जमेल का? ती शेवटी एक हुंदका देते बघ."

"तो हुंदका माझा आहे! मीच शिकवलाय तिला!"

सगळे खो खो हसले. शुल्ट्झ तर ढोलावर पालथाच पडला. बारा वर्षं तो हुंदका डेलच्या पाठीमागे वाजत होता. डेल त्या वेळी स्वतःचा पुढचा शब्द आठवत असे.

"गुरुवारपर्यंत बसवून ये," डेल म्हणाला, "नाहीतर त्या बाईलाच बोलावू."

लेस्टर तडक घरी आला. कोटसुद्धा न काढता त्याने बर्निससमोर तुकडा वाजवला. "सांग! काय कमी आहे यात?"

बर्निसने सुरी खाली ठेवली. खरं सांगावं की नाही, असं तिला क्षणभर झालं.

"लेस्टर, लांबवायच्या सुरावर श्वास घेतलास. हॉटेलात दणकून वाजवायची सवय लागलीय तुला." मग हळूच म्हणाली, "प्रेमाचं गाणं आहे रे, जिना चढणं नव्हे."

बाई खरं बोलत होती. लेस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने बाहीने पुसलं. मग जाऊन त्याने खिडकी लावली.

"पुन्हा म्हणून दाखव," तो म्हणाला.