शेंदरी दगडांची वाट

मित्रांनो, जगातला प्रत्येक राजमार्ग माझ्या नात्यातला आहे. राजे, फौजा, साधू सगळे आमच्याच अंगावरून गेले. माणसाने पहिलं पाऊल टाकलं आणि आमचा वंश सुरू झाला. निदान असं सांगायची पद्धत आहे. माझ्या बाबतीत पहिलं पाऊल शेळीने टाकलं.

मी एक जुनी पायवाट आहे. धारूरच्या डोंगरातल्या राखीव जंगलातून वर पठारावर जाते. बीड जिल्ह्यात जंगल आहे म्हटलं की बाहेरगावचे लोक आधी हसतात, मग पुन्हा विचारतात. आहे. धावडा, सालई, बेहडा, सगळी पणजोबांच्या वयाची झाडं आहेत. ती वाचवल्याचं श्रेय पुष्कळ जण घेतात, पण खरं श्रेय चढाचं. इथून लाकूड खाली न्यायचं म्हटलं तर लाकडाआधी माणूस खाली पोचतो.

माझी आखणी शेळ्यांनी केली. चवदार झुडूप दिसलं की त्या वळायच्या, म्हणून मीही वळले. झुडपं केव्हाच संपली, वळणं राहिली. आता शहरातून आलेली पाठपिशवीवाली मंडळी त्या वळणांवर धापा टाकत उभी राहतात आणि म्हणतात, "काय विचार करून काढलीय वाट!" मी गप्प बसते. कौतुक कुणाला नको असतं?

शेळ्यांमागून माणसं आली. सीताफळांच्या दिवसांत बायका डोक्यावर पाट्या घेऊन माझ्यावरून बाजाराला उतरायच्या. बोलता बोलता चार फळं खायच्या आणि बिया कडेला थुंकायच्या. माझ्या दोन्ही बाजूंची सीताफळी अशी गप्पांतून उगवलेली आहे. मग खालून डांबरी सडक झाली, जीप आली आणि मला कुणी विचारेना. मित्रांनो, वाट म्हातारी होत नाही, ती नाहीशी होते. माझ्या अंगावर आधी तरवड उगवला, मग घाणेरी. पुढे पुढे मी कुठून कुठे जाते हे माझं मलाच कळेना.

अशात वनखात्याने मला शोधून काढलं आणि "निसर्ग पायवाट" असं नाव दिलं. त्याआधी मी कशाची होते, हे त्यांनी सांगितलं नाही. वनरक्षक म्हणून रोहिणी आली. तलवाड्याच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने हातात कोयता घेऊन, मजुरांच्या बरोबरीने घाणेरी काढली आणि मला मोकळं केलं. तेव्हापासून ती मला माहेरच्या माणसासारखी वाटते.

अडचण एकच होती. मला शेळ्यांच्या कितीतरी वाटा फुटलेल्या. लोक पठारावर जायला निघायचे आणि कुणाच्या तरी गोठ्यात पोचायचे. म्हणून रोहिणीने ठरवलं, वळणावरच्या उभ्या दगडांवर बाण रंगवायचे. कोठीत शेंदरी रंगाचा डबा पडून होता. तो तिने सटवा नावाच्या मजुराच्या हाती दिला. संध्याकाळी सटवा परत आला.

"ताई, बाण काय सरळ येईना."

"मग?"

"मंग अख्खा दगडच रंगवून टाकला. लांबून लई भारी दिसतंय."

आता उभा दगड शेंदरी केला की आपल्याकडे त्याचं काय होतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दगडाबाई शेळ्या घेऊन जंगलाच्या कडेने चालली होती. इथल्या मेंढक्यांच्या वस्तीवरची ही म्हातारी. दगड दिसताच तिने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. "कवा परगट झालास रं बाबा?" दगड काही बोलला नाही. देवाने बोलू नयेच, असं तिचं मत असल्यामुळे तिची खात्रीच पटली. थोड्याच दिवसांत हळदीकुंकू आलं, नारळ आले. बेहड्याखालच्या वळणावरचा दगड सगळ्यांत जागृत ठरला, कारण तिथे सावली होती.

रोहिणी आधी खूशच होती. पर्यटक चुकायचे थांबले. करवंट्यांच्या मागे मागे गेलं की थेट पठार.

मग एक दिवस राधाकिशनराव आले. खालच्या गावचे बागायतदार आणि पुढारी. सोबत बरीच माणसं होती आणि त्यातल्या एकाच्या हातात मोजायची टेप होती.

"हितं सभामंडप," राधाकिशनराव म्हणाले. "हा बेहडा आडवा येतोय, तो काढायचा. खालपासून वरपर्यंत सिमेंटचा रस्ता. गाडी थेट देवापाशी."

म्हणजे मी सिमेंटखाली, बेहडा आडवा, आणि रस्ता झाल्यावर बाकीची झाडंही गाडीत बसून खाली जाणार. रोहिणीचा चेहरा उतरला. हे सगळं तिच्या डब्यातल्या रंगाने झालं होतं. ती पुढे आली आणि तिने खरं सांगून टाकलं.

"साहेब, हे राखीव जंगल आहे. आणि हा देव नाही हो. वाट दाखवायला रंग आम्हीच दिलाय. विचारा सटवाला."

सटवा झाडामागे होता, तो आणखी मागे गेला.

राधाकिशनराव प्रेमाने हसले. "ताई, देव कुणाच्या तरी हातूनच परगट होत असतोय. तुमच्या हातून झाला, तुमचं भाग्य हाय. अन् जंगलखात्याचं मी बघतो वरती."

माणसांनी माना डोलावल्या. रोहिणी हळूच म्हणाली, "बरं, पण देव कोणता म्हणायचा?"

हा विचार कुणी केला नव्हता. सगळे राधाकिशनरावांकडे बघायला लागले. पुढाऱ्याला माहीत नाही असं म्हणता येत नाही.

"म्हसोबा," ते ठासून म्हणाले.

दगडाबाई शेळ्या सोडून पुढे आली. "म्हसोबा हाय? मंग मंडप कावून बांधता दादा? म्हसोबाला डोक्यावर छप्पर चालत न्हाई. आमच्या वस्तीवर एकानं हौसंनं पत्रे टाकलते. वावटळ आली, पत्रे गेले ते अजून सापडले न्हाईत."

"खरंय," मागून कुणीतरी म्हणालं. "म्हसोबा उघड्यावरच पायजे." टेपवाल्याने टेप गुंडाळायला घेतली.

राधाकिशनराव घाईने म्हणाले, "मंग मारुती म्हणा."

"आता नाव घेतलं की तुमी!" दगडाबाई म्हणाली. "देव हाय, उमेदवार हाय का ऐनवेळी बदलायला?"

माणसं हसली. तोंड फिरवून हसली, पण हसली.

"बरं, मंडप न्हाई तर न्हाई," राधाकिशनराव म्हणाले. "झाड काढून रस्ता तर करू."

"छप्पर न्हाई, वरून झाडबी न्हाई?" दगडाबाईने गालावर हात ठेवला. "तापून लालबुंद झाल्यावर त्यो बगील कुनाकडं?"

यावर मात्र कुणी हसलं नाही. सगळे राधाकिशनरावांपासून एकेक पाऊल सरकले. राधाकिशनराव मुरलेले. त्यांनी घसा साफ केला, हात वर केला आणि गर्जना केली, "ह्या झाडाला अन् ह्या वाटेला कुणी हात लावायचा न्हाई! हेच सांगायला मी आलो हाय!" फोटो निघाला. त्यात रोहिणी कडेला उभी आहे आणि डोळे पुसते आहे. भक्तीने गहिवरली, असं खाली लिहिलं होतं म्हणे.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश असतो. जंगलं राखा, जुन्या वाटा चालत्या ठेवा, हे सगळं माझ्याकडून सांगून झालं असं समजा. माझं मागणं वेगळंच आहे. बेहड्यापासून पुढे देवाची हद्द म्हणून लोक हल्ली अनवाणी चालतात. पायात काटे मोडतात. मोडायचेच, जंगल आहे. पण काटा काढून झाला की लोक त्याच्याकडे रागाने बघतात आणि परत माझ्यावरच टाकतात. मग तोच काटा मागून येणाऱ्याच्या पायात जातो आणि शिव्या मी खाते.

तेवढा जरा कडेला टाकत जा.