कणगीच्या तळाचे गाठोडे

मित्रांनो, माझ्या पोटावर जरा टिचकी मारा. भरीव आवाज येतो ना? मी कणगी आहे, निफाडजवळच्या एका खेड्यातली, आता जुनी झालेली. बुरडाने मला बांबूच्या कामट्यांनी विणले आणि कुसाबाईने शेणामातीने लिंपून घरात उभे केले. तिचा बियाण्याचा हरभरा सांभाळणे हे माझे काम.

हरभरा म्हणजे भुंग्यांची पंगत. एक आत शिरला की दाण्यादाण्याला भोक. पण कुसाबाई कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवायची, वेखंडाबरोबर कुटायची, ती पूड दाण्यांना चोळायची आणि पाडव्याच्या मुहूर्तावर माझे तोंड लिंपून टाकायची. पेरणीला उघडावे तर दाणा जसाच्या तसा! गावात माझे नाव निघायचे. मीही फुगायचे, खोटे कशाला सांगू?

समोर सकीना राहायची. ती आणि तिचा नवरा इसाक मोलमजुरी करत. छत्तीस साली त्यांना पहिल्यांदाच जमिनीचा एक तुकडा निम्म्या वाट्याने कसायला मिळाला. सकीनाने पेरायला दोन पायल्या हरभरा जमवला. तिच्याकडे कणगी कुठली? तिने माघातच खडखडीत वाळवलेल्या पाल्याची पूड दाण्यांना चोळली, निळ्या काठाच्या फडक्यात ते घट्ट बांधले आणि गाठोडे माझ्या तळाशी ठेवले.

त्या फाल्गुनात आभाळ भरून राहिले. कुसाबाईचा पाला काही वाळेना. पाडवा आला तसा तिने तो तसाच कुटायला घेतला, वर गुढीची डहाळीही घातली.

"आक्का, पाला मऊ हाय," सकीना म्हणाली. "चुरला तर वाजत नाय. दोन दिस थांब."

"मुहूर्त टळला तर वरीस टळलं," कुसाबाई म्हणाली. "आन् हा गुढीचा पाला हाय. त्याला काय व्हतंय?"

पाला देवाचा असला तरी ओला तो ओलाच. महिन्याभरात माझे पोट तापू लागले. बुरशीचा वास सुटला, मग कुरतडण्याचा आवाज. मला सगळे कळत होते, पण तोंड लिंपलेले! माझ्याच कामट्यांच्या फटीत ते भुंगे लपले होते, याची मला आजही लाज वाटते.

कार्तिकात पेरणीला कुसाबाईने मला उघडले. पुडीचे गोळे झालेले, दाणे पोकळ. तळाचे गाठोडे तिने सोडले. त्यात मात्र एकाही दाण्याला भोक नव्हते.

बराच वेळ ती त्या दाण्यांवरून हात फिरवत राहिली. मग सकीनाला हाक मारून म्हणाली, "सकीना, समदं किडलं गं. तुझं बी आन् माझं बी."

सकीनाने कुसाबाईच्या पाठीवर हात ठेवला. "माझ्या दोनच पायल्या, आक्का. तुझं तर लय गेलं."

ते दोन पायल्या बी कुसाबाईच्या रानात पडले. पेरायला बी नाही म्हणून इसाकने जमीन परत केली आणि नवराबायको देवळाली कॅम्पात कामाला निघून गेली.

पुढच्या पाडव्याला कुसाबाईने पाला करकर वाजेपर्यंत वाळवला. तो दाखवायला ती समोर गेली. दाराला अजून कुलूपच होते. घरी येऊन तिने नव्या हरभऱ्याच्या दोन पायल्या मोजल्या, पूड चोळली आणि त्याच निळ्या काठाच्या फडक्यात बांधून माझ्या तळाशी ठेवल्या. तेव्हापासून दर पाडव्याला ती त्यात नवा हरभरा भरते, नवी पूड घालते. पण निफाडहून देवळालीला आगगाडी जाते, तिच्यात काही ती चढत नाही. मला तिचा राग येतो आणि तिची कीवही येते.

मित्रांनो, बियाण्याला वाळलेलाच पाला लावा, आणि दुसऱ्याचे बी ठेवून घेतले तर ज्याचे त्याच्या हाती द्या. माझे एवढे ऐकाच. आणि तुमच्यापैकी कोणी देवळालीच्या बाजारात गेले, तर सकीनाचे घर विचारा. तिला सांगा, तुझे बी किडले नव्हते.