केंद्राचे हात

मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या जेवणघरात बास्केटबॉलच्या नव्या रेफरींचा वर्ग भरायचा. लोवेल हॉस्टेटलर तो बावीस वर्षं घेत होते. निवृत्त होईपर्यंत याच गावात, इंडियानाच्या मक्याच्या शेतांमधल्या या शाळेत, त्यांनी गणित शिकवलं होतं. शिकवण्याची त्यांची पद्धत तीच राहिली होती. घाई नाही, आवाज चढवणं नाही.

पहिल्या तासाला ते खडूने जमिनीवर वर्तुळ काढायचे आणि कुणाला तरी त्यात उभं करायचे. "इथून थेट छतापर्यंतची जागा तुझी. तू सरळ वर उडी मारलीस, हात वर ठेवलेस आणि कुणी येऊन तुझ्यावर आदळलं, तर चूक कुणाची?"

"आदळणाऱ्याची."

"धक्का लागला म्हणजे फाउल झाला, असं नाही. कुणी कुणाची जागा घेतली ते बघायचं. त्यासाठी नजर चेंडूवर नाही, अडवणाऱ्यावर हवी. आणि जे दिसलं नाही, त्याची शिट्टी नाही."

आज मात्र खडू पेटीतच होता. शनिवारचा सामना त्यांच्या डोक्यातून जात नव्हता.

मुलींचा विभागीय अंतिम सामना. चाळीस सेकंद उरलेली, गावचा संघ एका गुणाने पुढे. पाहुण्या संघाची एक मुलगी बास्केटकडे झेपावली, तिला अडवायला केंद्रा फाउट्स उभी होती. ती बाजू लोवेल यांची होती, बाकी दोन रेफरी आपापल्या जागी. त्याच क्षणी त्यांची नजर चेंडूबरोबर वर गेली. पोरीने चेंडू टाकलाच इतका सुंदर की बघत राहावं. दणका ऐकू आला. खाली पाहिलं तर ती मुलगी जमिनीवर पडलेली, चेंडू कडीवरून बाहेर आलेला. लोवेल यांनी शिट्टी वाजवली.

केंद्राचा तो पाचवा फाउल होता. पाच झाले की खेळाडू बाहेर.

"सर, मी काय केलं?" तिने विचारलं. सहावीत ती त्यांच्या वर्गात होती, बेरजेचा ताळा दोनदा करून बघणारी.

"हात खाली आले तुझे," ते म्हणाले.

पाहुण्या मुलीने मिळालेले दोन्ही फ्री थ्रो आत घातले. गावचा संघ एका गुणाने हरला. केंद्राचं शाळेतलं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटच्या सामन्याचा शेवट तिने बाकावर बसून पाहिला.

रविवारी त्यांनी घरी चित्रण लावलं. पाय जागेवर, उडी सरळ, हात छताकडे. त्यांनी ते अकरा वेळा पाहिलं.

आता तेच चित्रण त्यांनी भिंतीवर लावलं. "बोला. काय दिसतं?"

शिट्टी कुणाची होती आणि त्यांनी केंद्राला काय सांगितलं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी जोलीन बोलली. वर्गात तिच्याइतकी तीक्ष्ण नजर कुणाची नव्हती.

"फाउल आहे, सर. हात खाली आलेत ना तिचे."

"कुठे आलेत? दाखव."

जोलीन भिंतीजवळ गेली, बोट पुढे केलं आणि थांबली. "इथे... इथे कुठेतरी."

"चापलूस कुठली," मागून कोणीतरी पुटपुटलं, आणि दोघं हसले.

लोवेल हसले नाहीत. बावीस वर्षं ज्यांना बघायला शिकवलं, त्यांच्यातली सगळ्यात हुशार पोर भिंतीवर नसलेलं बघत होती, केवळ आपण तसं म्हणालो म्हणून.

"बस, जोलीन. तिचे हात वरच होते. मी चेंडू बघत होतो. आवाज आला, पोरगी पडलेली दिसली, मी अंदाजाने शिट्टी मारली. आणि केंद्राने विचारलं तेव्हा खोटं बोललो."



"तिला सांगितलंत हे?" जोलीनने विचारलं.

"सामना संपला की रेफरीने मैदान सोडायचं, कुणाशी बोलायचं नाही. रिवाज आहे तो. निकालही बदलत नाही."

"ते ठीक आहे. पण आता कुठलाय सामना, सर?"

त्यांनी चित्रण पुन्हा सुरू केलं. "या वेळी फक्त पाय बघा," ते म्हणाले. वर्ग नेहमीसारखा आठला सुटला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते फाउट्सांच्या दारात उभे राहिले. केंद्रानेच दार उघडलं. टोपी काढून त्यांनी हातात धरली.

"तुझे हात वर होते," ते म्हणाले. "मी बघितलंच नव्हतं."

"मला माहीत होतं, सर," ती म्हणाली. "पण तुम्ही म्हणालात म्हणून मी घरी आरशासमोर उड्या मारून बघितल्या. दोन दिवस."

तिने दार लावलं नाही, आणि त्यांना आतही बोलावलं नाही. लोवेल टोपीची कड फिरवत तिथेच उभे राहिले.