गुरुवारचा पडदा

क्रेगने तक्रारवही लीलंडच्या टेबलावर आणून उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मग पान उलटून पुढच्या पानावर, मग त्याच्याही पुढच्या. प्रत्येक ठिकाणी लीलंडच्याच नेटक्या अक्षरात तेच लिहिलेलं होतं : गुरुवार, वनस्पतिसंग्रह, पडदा विस्कटला, जाऊन दुरुस्त केला.

"पासष्ट वेळा," क्रेग म्हणाला. "काल मोजलं मी."

"काल रविवार होता."

"फुटबॉल बघता बघता मोजलं. लीलंड, अख्ख्या विद्यापीठात तुमच्याइतकं युनिक्स कुणाला येत नाही. आणि एका बाईंचं एक टर्मिनल तुम्हाला पासष्ट वेळा दुरुस्त करावं लागतं?"

"जुनं आहे ते."

"जुनी तर तुमची गाडीपण आहे. दर गुरुवारी ढकलता का ती?"

लीलंड हसला नाही. क्रेगही मग गंभीर झाला. एकतीस वर्षांचा हा पोरगा ऑगस्टमध्ये संगणक केंद्राचा प्रमुख होऊन आला होता आणि लीलंड हृष्का त्याच्या वडिलांच्या वयाचा होता. ती अडचण दोघांनाही जाणवे. पोरगा वाईट नव्हता, फक्त त्याला अर्धवट काम दिसलं की चैन पडत नसे. लीलंडलाही एके काळी पडत नसे.

"आज दुपारपर्यंत कायमचं करून टाका," क्रेग म्हणाला. "जायचीसुद्धा गरज नाही. इथूनच होईल."

"एवढं तेवढं काम असलं तरी मी उंटावरून शेळ्या हाकत नाही."

"माहीत आहे मला. ही एक हाका."

तो गेला. वही तशीच उघडी राहिली.

काम खरोखरच एवढंसं होतं. विद्यापीठाचं यंत्र एकच, तळघरातलं, युनिक्सवर चालणारं, कपाटांच्या रांगेएवढं. त्याला चारी दिशांच्या इमारतींतली शंभरेक टर्मिनलं, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, जोडलेली, आणि ती काही सगळी एका जातीची नव्हती. आपल्यापुढचं टर्मिनल कुठल्या जातीचं हे यंत्राला सांगावं लागे. नाही सांगितलं तर ते आपलं नेहमीचं समजून अक्षरं पाठवी, आणि जुन्या पडद्यावर ओळीवर ओळ चढे, बाणाची कळ दाबली की भलतंच अक्षर उमटे. उपाय म्हणजे एक ओळ. ती हाताने टाइप केली तर आपण यंत्रावर असेपर्यंत टिके. तीच ओळ आपल्या सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहून ठेवली, की दर वेळी आत शिरताना यंत्र ती आपणहून वाची आणि तक्रार जन्मात परत येत नसे.

गुरुवारी पहाटे सगळ्याच्या नकला टेपवर उतरवून घेण्यासाठी यंत्र बंद ठेवत. त्यामुळे आठवडाभर उघडं ठेवलेलं प्रत्येकाचं काम तुटे आणि सकाळी सगळ्यांना नव्याने आत शिरावं लागे. आणि साडेनऊला लीलंडचा फोन वाजे, वनस्पतिसंग्रहातून.

"मी आर्डिस नायग्रेन. परत झालंय."

"आलोच," तो म्हणे.

पहिल्या खेपेला त्याने ती ओळ हाताने टाइप केली होती ती निव्वळ घाईत. फाइलमध्ये नंतर टाकू म्हणाला. पण आर्डिसने कॉफी पुढे केली, आणि प्लॅट नदीच्या काठावरून शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी खुडून आणलेलं, वाळवून ठेवलेलं एक गवत दाखवलं. ते अजून हिरवं होतं. ती हलक्या आवाजात बोलत होती, आणि आपल्याशी इतका वेळ कुणी बोललं त्याला किती दिवस झाले याचा हिशेब लीलंडला लागेना. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी ओरेगॉनमध्ये, रविवारी तिचा फोन येई आणि हवापाणी विचारून संपे. एरवी डब्यातलं सूप गरम करायचं, रेडिओ लावायचा, आणि घरात दुसरं माणूस आहे असं तेवढ्यापुरतं वाटून घ्यायचं.

पुढच्या गुरुवारी फोन आला तेव्हा त्याने फाइल उघडायला हवी होती. बोटं गेली नाहीत. त्याने पुन्हा हातानेच ओळ टाइप केली, आणि तिच्याकडे पाठ करून बसलेला असताना त्याचे कान तापले. मग तेच चालू राहिलं. पंचवीस वर्षांत एकही काम अर्धं न सोडणारा माणूस दर आठवड्याला एका भल्या बाईच्या डोळ्यांत धूळ फेकून कॉफी पीत होता. आपण तिला फसवतो आहोत, हे त्याला गुरुवार सोडून बाकी सगळे दिवस आठवे.

आता ती ओळ टाकायची, म्हणजे गुरुवार संपला. फोन यायचं कारणच उरणार नव्हतं. न टाकावी, तर आज ना उद्या क्रेग स्वतः जाऊन टाकेल आणि सहज म्हणेल, बाई, हे पहिल्याच दिवशी होण्यासारखं होतं. त्यानंतर तिचा जो चेहरा होईल, तो लीलंडला आत्ताच दिसत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

अकराला त्याने चष्मा पुसला आणि कुणाच्याही फाइली उघडता येतील असा आपला अधिकाराचा परवलीचा शब्द यंत्राला दिला. आर्डिसची सुरुवातीची फाइल त्याने आजवर एकदाही उघडली नव्हती. उघडली असती तर दुरुस्त करावी लागली असती.

फाइल लहानशी होती. त्याने खाली जाऊन लिहायला जागा शोधली, आणि त्याचा हात थांबला.

ओळ तिथे होती. जी तो दर गुरुवारी टाइप करत असे तीच, एका अक्षराचीही चूक नसलेली. तिच्यापुढे # हे चिन्ह होतं. हे चिन्ह दिसलं की यंत्र ती ओळ न वाचता पुढे जातं. लीलंडने नव्या माणसांसाठी चार पानांची माहिती लिहिली होती, तिच्यात त्याने स्वतःच सांगितलं होतं : जी ओळ नको असेल ती पुसू नका, तिच्यापुढे # लावा, पुढेमागे लागेल.

वरच्या ओळीत आर्डिसने नोंद केली होती, वाळलेल्या झाडाच्या चिठ्ठीवर करावी तशी : लीलंड टाइप करतात त्याप्रमाणे. करून पाहिले, चालते. तारीख गेल्या वर्षीच्या जुलैची. म्हणजे त्याच्या तिसऱ्या खेपेच्या दुसऱ्या दिवसाची.

लीलंडने तारीख पुन्हा वाचली. करून पाहिले, चालते. आणि मग # लावलं. ते काही आपोआप लागत नाही.

मग काहीही न बदलता त्याने फाइल बंद केली आणि खुंटीवरचा कोट घेतला.

"झालं?" दारातून क्रेगने विचारलं.

"जावं लागेल."

"इथून होत नाही?"

"नाही," लीलंड म्हणाला. "ते इथून होण्यासारखं नाही."

बाहेर मैदानात वारा पिवळी पानं एका बाजूला लोटत होता. सोमवारी या वाटेने तो कधी आला नव्हता. विद्यार्थ्यांचा घोळका समोरून आला, त्याच्या दोन्ही अंगांनी गेला, कुणी वर पाहिलं नाही. जाऊन काय बोलायचं हे त्याला अर्ध्या वाटेपर्यंत सुचलं नाही आणि उरलेल्या अर्ध्या वाटेत त्याने तो विचार सोडून दिला.

तळमजल्यावरची ती लांबट खोली कापराच्या वासाने भरलेली होती. आर्डिस खिडकीशी बसून एका वाळल्या फांदीच्या चिठ्ठीवरची नावं यंत्रात भरत होती. पडद्यावर अक्षरं सरळ, आपापल्या ओळीत. टेबलावर एक कप, कागदात गुंडाळलेला अर्धा सँडविच. दुसऱ्या खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा, त्यात दाबलेल्या झाडांचा कमरेएवढा गठ्ठा रचलेला होता. गुरुवारी ती खुर्ची नेहमी रिकामी असे. ती आपल्यासाठी रिकामी केली जात असेल हे त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिने मान वळवली. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"आज सोमवार आहे," ती म्हणाली.

"हो."

"माझा पडदा ठीक आहे."

"माहीत आहे मला."

तो कोटाची बटणं सोडवेना, आणि परतही फिरेना. आर्डिसने हातातली चिठ्ठी फांदीशेजारी नीट ठेवली.

"फाइल उघडलीत तुम्ही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"पासष्ट आठवडे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, चारपाचात उघडाल. एवढे हुशार म्हणतात तुम्हाला."

"उघडली असती तर ओळ टाकावी लागली असती."

आर्डिसची मान लाल झाली. ती साठीच्या आसपासची, रुंद हाडांची बाई होती, आणि आता शाळेत उभं केल्यासारखी टेबलाच्या कडेकडे पाहत होती.

"क्रेगने वही मोजली," लीलंड म्हणाला. "तो म्हणतो, आज कायमचं करून टाका."

"मग करा."

"तुम्ही करा. ओळ तुमची आहे."

तिने कीबोर्ड पुढे ओढला. फाइल उघडायला तिला जराही वेळ लागला नाही. बाणाच्या कळीने बरोबर त्या चिन्हावर जाऊन ती थांबली. खिडकीबाहेर सफाईची गाडी गेली. मग तिने एक कळ दाबली, # गेलं, आणि तिने फाइल जतन करून बंद केली.

आता त्याच्यापाशी इथे येण्याचं काही कारण नव्हतं आणि तिच्यापाशी फोन करण्याचं. बऱ्याच वर्षांत आपण एवढे घाबरल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"झालं," तो म्हणाला. "आता परत बिघडायचं नाही."

"नाही," आर्डिस म्हणाली.

ती उठली. खुर्चीवरचा गठ्ठा तिने दोन्ही हातांनी उचलायला घेतला. तो जड होता आणि एका बाजूने कलला. लीलंडने पुढे होऊन ती बाजू धरली. दोघांनी तो मिळून खाली ठेवला, कपाटाच्या पलीकडे, जिथून तो पुन्हा खुर्चीवर आणायला सोपं नव्हतं.