बांधीतला चोर

रश्मी गोव्याला समुद्रातल्या सूक्ष्मजीवांवर संशोधन करत होती. फोनवर बापाला सगळं खरं सांगायची वाईट सवय तिला होती. "बाबा, अरबी समुद्रात दीडशे मीटर खाली गेलं की प्राणवायू नसल्यातच जमा. आमचं जहाज तिथंच चाललं, महिनाभर."

गावी, केशोरीत, खेमराजने फोन ठेवला आणि बायकोला, कुसुमबाईला बातमी दिली, "पोरीले बिनाहवेच्या जागी पाठवून राहिले. मी नाही म्हणतो."

जहाजावर येणार की नाही, हे रश्मीला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. बापाच्या होकाराशिवाय जहाजावर चढायला रश्मीचं मन घेईना, म्हणून ती दोन गाड्या बदलून घरी आली. खेमराज धानाच्या बांधीत युरिया फेकत होता.

"बाबा, आपण वरच राहतो. पाणी भरून आणायच्या बाटल्या तेवढ्या खाली जातात."

"अन् जहाज डुबलं म्हणजे?"

"डुबल्यावर हवा असून काय कामाची?"

या उत्तराने तिची बाजू आणखी पडली. मग ती चिखलात उतरली आणि एक ओंजळ उपसून बापापुढे धरली. वर बोटभर तांबूस, खाली काळा, कुबट.

"या काळ्यात हवा नाही. तीस वर्षं याच्यावर उभे आहा. गुदमरले का?"

खेमराजने चिखल हुंगला. "मंग याच्यात जगते कोण?"

"माझे जीव. प्राणवायू नसला की ते नायट्रेटवर श्वास घेतात. तुमच्या युरियाचं वरच्या पाण्यात नायट्रेट होते, खाली झिरपते. हे त्याचा नत्रवायू करून हवेत सोडतात. समुद्रातही हेच. फक्त बांधी मोठी."

"म्हणजे माझा युरिया..."

"बराचसा उडून जाते."

खेमराजने हळूच शेजारच्या बांधीकडे पाहिलं. तिथला बिसराम दोन बांध्यांमधला धुरा फोडून आपलं खताचं पाणी पळवतो, असा त्याचा अकरा वर्षांचा आरोप होता. तंटामुक्त समितीपुढेही दोनदा जाऊन आला होता. बिसरामने तो आरोप इतक्यांदा ऐकला होता, की आता तोही अधूनमधून धुऱ्याला कुठं भोक आहे का ते वाकून बघायचा.

"तिकडं काय पाहून राहिले, बाबा?"

"जा तू," खेमराज म्हणाला. "त्या चोरायले मोजून ये. सुखरूप आली, का मी बिसरामले घरी बोलावून चहा पाजतो."

"आजच पाजा ना!"

"नाही. तू येतवरी चोर तोच."

परतीच्या एसटीत बसताना रश्मीला धुऱ्यावर वाकलेला बिसराम दिसला. तिने हात हलवला. बिचाऱ्याला अजून महिनाभर तरी निर्दोष सुटता येणार नव्हतं.