निस्लींची जीभ

निस्लींच्या घरी सफरचंदाच्या सॉसची कृती कुठेही लिहून ठेवलेली नाही. लिहून उपयोगही नसता, कारण झाडं काही वाचून फळ धरत नाहीत. एखाद्या वर्षी रॅम्बो जातीची सफरचंदं अशी आंबट की नुसत्या वासानं दात शिवशिवावेत, आणि पुढच्या वर्षी तीच झाडं, काय मनात येतं कोण जाणे, मधासारखी गोड. त्यामुळे एका पातेल्याला साखर कधी एक मग लागते, कधी चार. किती, ते प्रत्येक घाण्याला चाखून ठरवायचं, आणि चाखायचं एकाच माणसानं. बाकीच्यांनी आपापल्या जिभा बोलायला वापराव्यात.

ही चाखणारी जीभ गेली एकतीस वर्षं ऑर्फाची होती. तिच्याआधी तिच्या सासूची. सासूबाईंनी वयाच्या शहात्तराव्या वर्षी एका घाण्यात दोनदा साखर घातली. कुणी चकार शब्द काढला नाही. आम्ही मेनोनाइट पंथाची ख्रिस्ती माणसं कुणाला लागेल असं बोलत नाही. आम्ही खुर्ची आणून ठेवतो. पुढच्या ऑगस्टला ओसरीच्या कोपऱ्यात एक गादीची खुर्ची दिसली, तिच्यावर एक ओलं फडकं आणि समोर बरण्यांच्या झाकणांची परात. "तुम्ही आता आरामात झाकणं पुसा हं," सगळे गोड आवाजात म्हणाले. सासूबाईंनी सहा वर्षं झाकणं पुसली. त्या झाकणांवर कधी धुळीचा कण नव्हता, पण तो प्रश्न कुणी काढला नाही.

ऑर्फा यंदा त्र्याहत्तर वर्षांची झाली होती आणि फेब्रुवारीपासून तिला कशाचीच चव लागत नव्हती.

फ्लू झाला होता. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना चवही बरोबर घेऊन गेले. तिखट, गोड, खारट, सगळं जिभेवर ओल्या पुठ्ठ्यासारखं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की चव परत येईल, किंवा येणार नाही. एवढं सांगण्यासाठी तो माणूस आठ वर्षं शिकला होता. ऑर्फानं ही गोष्ट कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. रोजचा स्वयंपाक हाताच्या सवयीनं निभत होता, आणि ईनॉस पुढे ठेवलं ते खाऊन "बरंय" म्हणत होता. पन्नास वर्षांत तो दुसरं काही म्हणाला नव्हता. एकदा गोठ्याला आग लागली तेव्हासुद्धा सगळं विझल्यावर "बरंय" म्हणाला होता.

पण सॉसला हाताची सवय चालत नाही. आणि ऑगस्ट जवळ येत होता.

एप्रिलपासून ऑर्फा विचार करत होती आणि जुलैत तिला मार्ग सापडला. मार्गाचं नाव सलोमी.

सलोमी म्हणजे ईनॉसची धाकटी बहीण, ऑर्फाची नणंद. तीन मैलांवर राहायची आणि दरवर्षी सॉसच्या दिवशी स्वतःची सुरी घेऊन यायची, कारण ऑर्फाच्या सुऱ्या, तिच्या मते, लोणी कापायच्या लायकीच्या होत्या. ऑर्फानं चाखून "झालं" म्हटलं की सलोमी न विचारता पातेल्यात चमचा बुडवणार आणि तिचं सुरू होणार. साखर कमी असली तर: "याला झालं म्हणतात? गुरांना घाला." जास्त असली तर: "ओतलीस ना! दात काढून हातात द्यायचेत का लोकांच्या?" आणि बरोबर असली तर: "ठीक आहे, पण गेल्या वर्षीची सर नाही." ऑर्फानं एकतीस वर्षांत एकदाही कबूल केलं नव्हतं, पण ही बाई एकदाही चुकलेली नव्हती.

तेव्हा बेत अगदी सोपा होता. चमचा तोंडात घालायचा, डोळे मिटायचे, "झालं" म्हणायचं, आणि सलोमीनं तोंड उघडायची वाट बघायची. फुकटची जीभ घरबसल्या चालून येत होती.

सॉसचा दिवस ऑगस्टच्या शेवटच्या गुरुवारी उजाडला. अकरा पेट्या सफरचंदं ओसरीवर आली, त्यांच्यामागून गांधीलमाश्या आल्या, आणि त्यांच्यामागून सलोमी आली. ऑर्फाची मुलगी आर्लीन आणि सलोमी फोडी करायला बसल्या. जावई मेर्ल चुलीवरची पातेली सांभाळायला. शिजलेल्या फोडी गाळणीच्या यंत्रात घालून दांडा फिरवायचं काम ईनॉसचं. एका बाजूनं साली आणि बिया पडायच्या, दुसऱ्या बाजूनं गुलाबी गर.

"यंदा फळ कसं आहे हो?" ऑर्फानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"बरंय," ईनॉस म्हणाला.

पहिला घाणा तयार झाला. ऑर्फानं मध्यम मार्ग म्हणून दोन मग साखर घातली, ढवळली, चमचा तोंडात घातला. कोमट पुठ्ठा. तिनं डोळे मिटले, सासूबाई घ्यायच्या तेवढा वेळ घेतला आणि म्हणाली, "झालं."

मग ती थांबली.

"तू म्हणतेस तर झालंच असेल," सलोमी म्हणाली.

आर्लीनची सुरी फोडीत अर्ध्यावर थांबली. ईनॉसचा दांडाही थांबला. मेर्लनं वर बघितलं; त्याला वाटलं काहीतरी जळालं.

"चाखून तरी बघ," ऑर्फा म्हणाली.

"मी कशाला? तू आहेस की."

"अगं, पण आंबट-बिंबट नाही ना?"

"तुला नाही वाटत ना? मग नाही." आणि सलोमीनं टोपलीतलं पुढचं सफरचंद उचललं.

एकतीस वर्षं जी बाई रविवारी चर्चच्या पायरीवरसुद्धा ऑर्फाच्या सॉसबद्दल बोलायची थांबली नव्हती, ती आजच नेमकी शहाणी झाली होती. शंभरेक बरण्या भरायच्या होत्या. त्या चार घरांत वर्षभर जाणार, तिन्ही त्रिकाळ ताटात पडणार. पहिल्या रविवारी आर्लीनच्या मुलांची तोंडं वाकडी होणार, आणि दुसऱ्या वर्षी ओसरीत खुर्ची. ओलं फडकं. झाकणांची परात.

तिनं आणखी अर्धा मग साखर टाकली आणि तिरप्या नजरेनं सलोमीकडे पाहिलं. सलोमी सफरचंदाच्या देठाकडे असं निरखून बघत होती जणू तिथं काही छापलेलं आहे. ऑर्फानं आणखी अर्धा टाकला. सलोमीच्या मानेची शीर ताठ झाली, पण तोंड बंद. ऑर्फानं चौथा मग भरला, पातेल्यावर नेला...

सलोमीचा चिकट हात तिच्या मनगटावर पडला.

"टॉवेल हवेत," सलोमी म्हणाली. "धुण्याच्या खोलीत चल."

"टॉवेल इथंच आहेत, आत्या," आर्लीन म्हणाली.

"मला दुसरे हवेत."

धुण्याच्या खोलीचं दार लावून सलोमी त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"ऑर्फा."

ऑर्फानं ॲप्रनला हात पुसले. मग पुन्हा पुसले. "फेब्रुवारी."

"तरीच! मे महिन्यात तू माझ्याकडे आलीस, मी रुबार्बच्या आंबट देठांचं पुडिंग दिलं. आठवतं?"

"चांगलं झालं होतं."

"त्यात साखर घालायची राहिली होती! तू दोनदा घेतलंस. वर म्हणालीस, 'सलोमी, चव आहे हो तुझ्या हाताला.' एकतीस वर्षांत पहिल्यांदा तू माझं कौतुक केलंस. मी तुला गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मग घरात जाऊन मी एक चमचा खाल्ला आणि पुन्हा डोळ्यांत पाणी आलं. चांगला अर्धा तास मला एक डोळा उघडता आला नाही."

ऑर्फा हळू आवाजात म्हणाली, "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? सांगितलं की तुला बसवतील त्या खुर्चीत, आणि चमचा कुणाच्या हातात देतील? माझ्या!"

"तुला तर तोच हवा होता ना इतकी वर्षं."

"मला?" सलोमीचा आवाज चढला, मग तिनं दाराकडे बघून तो खाली आणला. "मला कशाला हवा असेल? चमचा हातात आला की माणसाला बरोबर असावं लागतं. चुकलं की आपलं नाव. मी आजवर किती सुखात होते बघ. तू ठरवायचंस, मी नावं ठेवायची, संध्याकाळी घरी जाऊन निवांत झोपायचं. उद्या मी ठरवायला लागले तर नावं कोण ठेवणार? आर्लीन! तिची जीभ ऐकलीस का कधी? माझ्यावर गेलीय ती."

"मग आज तोंडाला कुलूप का लावलंस?"

"दया आली तुझी."

"दया!"

"हो, दया. ठरवून आले होते, आज तिला एका शब्दानं बोलायचं नाही. मला काय माहीत, तू माझ्या तोंडाकडे बघून साखर ओतणार आहेस?"

"मग कुणाच्या तोंडाकडे बघू? तुझ्या भावाच्या?"

दोघींच्या डोळ्यांसमोर एकदमच ईनॉसचं तोंड आलं. सलोमी कपड्यांच्या टोपलीवर बसली आणि खांदे हलेपर्यंत हसली. ऑर्फाही हसली, हसता हसता तिला जाणवलं की फेब्रुवारीपासून छातीवर काहीतरी ठेवलेलं होतं, आणि ते आता तिथं नाही.

"एक सांगू?" ती डोळे पुसत म्हणाली. "तू दरवर्षी बरोबर असायचीस."

सलोमीचं हसू थांबलं. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते."

"सगळ्यांसमोर म्हणशील?"

"मेले तरी नाही."

"नकोच म्हणूस," सलोमी उठली. "मला सवय नाही. आता ऐक. मी सकाळपासून फोडी खातेय, यंदा फळ गोड आहे. पातेल्याला मग-दीड मग पुरे. तो पहिला घाणा आता पाक झालाय, तो दुसऱ्या घाण्यात मिसळ आणि त्यात साखर घालूच नकोस. पुढचं आपण बघू."

बाहेर तिघंही कामं सोडून धुण्याच्या खोलीच्या दाराकडे बघत होते. आम्हा लोकांत आवाज चढवण्याची पद्धत नाही, त्यामुळे बंद दाराआडची शांतता फार भयंकर वाटते. दार उघडलं. दोघी बाहेर आल्या. एकीच्याही हातात टॉवेल नव्हता.

दुसरा घाणा गाळून झाला. ऑर्फानं पहिला त्यात ओतला, ढवळलं, चमचा तोंडात घातला, डोळे मिटले.

"झालं."

सलोमीनं न विचारता चमचा बुडवला. सॉस तोंडात घोळवला. ओसरीवर एक गांधीलमाशी सोडली तर कुणी हलत नव्हतं.

"याला झालं म्हणतात?" सलोमी कडाडली. "अजून गोडच आहे! एकतीस वर्षं सांगतेय, हात आवर, हात आवर!"

"गोड? तुझ्या तोंडात सकाळपासून फोडी आहेत, तुला काय कळणार?" ऑर्फा म्हणाली. "तरी तुझ्या समाधानासाठी तिसऱ्या घाण्यातला गर घालते थोडा. नाहीतर वर्षभर ऐकावं लागेल."

"ऐकावं लागेलच!"

आर्लीननं सुटकेचा श्वास सोडला आणि सुरी पुन्हा चालू केली. "मला वाटलं आत्याला बरं नाही," ती मेर्लच्या कानात म्हणाली. मेर्ल म्हणाला की त्याला तर वाटलं दोघी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या, आता नाताळला कुणाकडे जेवायचं. ईनॉसनं दांडा फिरवायला घेतला. "भांडताय ना?" त्यानं विचारलं. "मग बरंय." हे त्याच्या मानानं भाषण होतं.

असं करत अकराही पेट्या संपल्या. प्रत्येक पातेल्याला ऑर्फा "झालं" म्हणायची, सलोमी हात नाचवत "आंबट!" किंवा "पाक!" म्हणायची, ऑर्फा तिला वेड्यात काढायची आणि मग मोठ्या मनानं तिचंच ऐकायची. नीट बघितलं तर दरवर्षी हेच चालत होतं. फक्त यंदा ते दोघींनाही माहीत होतं. शेवटच्या तीन घाण्यांना सलोमी नुसतं "ठीक आहे, पण गेल्या वर्षीची सर नाही" म्हणाली, तेव्हा ऑर्फाला वाटलं तिची पापी घ्यावी.

संध्याकाळी उकळत्या पाण्यातून काढलेल्या शहाण्णव बरण्या टेबलावर चादर अंथरून ओळीनं ठेवल्या. थंड होता होता एकेक झाकण आत ओढलं जाऊन टक्‌ वाजायचं. टक्‌. थोड्या वेळानं टक्‌, टक्‌. चौऱ्याण्णव वाजल्या. दोन बरण्यांची झाकणं फुगलेलीच राहिली, म्हणजे त्या ठेवता येणार नाहीत, आजच खायच्या. ऑर्फानं त्या शेवया आणि डुकराच्या मांसाबरोबर जेवणात वाढल्या. सगळे टेबलाभोवती बसले, माना खाली घालून प्रार्थना झाली, चमचे वाजू लागले.

मेर्लला या घरात येऊन अठरा वर्षं झाली होती आणि या अठरा वर्षांत त्यानं सॉसबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. आज काम संपून जीव हलका झाल्यामुळे असेल, तो म्हणाला, "मला वाटतं यंदा किंचित आंबट..."

"मेर्ल," दोघी एकदम म्हणाल्या, "जेव."

मेर्ल जेवू लागला. आर्लीननं त्याला टेबलाखालून लाथ घातली.

ऑर्फानं एक चमचा तोंडात घातला. कोमट होतं, मऊ होतं, थोडंसं रवाळ. त्यापलीकडे काही नाही. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिनं समोर पाहिलं. सलोमी भुवया उंचावून, नाक मुरडून, कुरकुरत पहिली वाटी चाटून पुसून संपवत होती. मग तिनं हात लांब केला आणि बरणीतून दुसऱ्यांदा वाढून घेतलं, चांगलं दोन डाव.

ऑर्फानं ते पाहिलं आणि आपलीही वाटी पुढे केली.